सात गुलाब आणि पाचची बस

प्रागमध्ये पंचवीस वर्षं मी माणसं फिरवतेय, पण मोरावियातल्या खेड्यातून येणाऱ्या पेन्शनरांइतकी हट्टी जमात दुसरी पाहिली नाही. त्या दिवशी बेचाळीस जण होते. पाचला नदीकाठी बस. तिथं दहा मिनिटांच्या वर उभी राहू देत नाहीत, आणि ड्रायव्हर असा खडूस, की सख्ख्या आईसाठीही थांबायचा नाही.

त्यात हे ओल्डरिखकाका. सकाळपासून हातात ओल्या कागदात गुंडाळलेले, घरच्या झाडाचे सात गुलाब. चौकातल्या जुन्या मनोऱ्यावर तास वाजला, घड्याळातले पुतळे बाहेर आले, सगळ्यांच्या माना वर, आणि हे माझ्या कानाशी.

"बाई, आता जायचं ना?"

"जाऊ हो! किती वेळा विचाराल?"

बसमध्येच त्यांनी सगळं सांगितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा द्राक्षमळ्यावरून भांडण चालू होतं, म्हणून यांनी इथं प्रागमध्ये राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, द्राहोमीराला, कळवलंच नाही. आईला पुरून तीन दिवस झाल्यावर पत्र टाकलं. तेव्हापासून तिनं यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता सोमवारी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याआधी एकदा तिच्या दारात जायचं होतं. एकट्यानं जायची छाती होत नव्हती.

चारला बाकीच्यांना बिअरसमोर बसवलं आणि काकांना घेऊन निघाले. चार्ल्स पुलावर ही गर्दी! कुणाची तरी पाठपिशवी घासली आणि एका गुलाबाची मान मोडली. काका तिथंच उभे राहून ती सरळ करत बसले. माझा जीव वरखाली. तो गुलाब ओढला आणि दिला नदीत भिरकावून.

"अहो बाई, पण आता..."

"पण नाही न् बिण नाही! चला!" म्हणत मी त्यांची बाही धरून ओढलं.

द्राहोमीराचं घर तिसऱ्या मजल्यावर. काकांनी दोनदा घंटेपर्यंत बोट नेलं आणि मागं घेतलं. शेवटी मीच दाबली.

दार उघडलं. ठेंगणी, ताठ म्हातारी. तिनं भावाकडे पाहिलंच नाही, फुलांकडे पाहिलं आणि मोजली.

"सहा," ती म्हणाली. "आईच्या वेळी कळवलं नाहीस, आणि माझ्या वेळी मात्र आधीच आलास होय रे?"

धाडकन दार बंद.

दोन, चार, सहा अशी सम संख्येत फुलं आमच्याकडे थडग्यावर नेतात, जिवंत माणसाला कधीच नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. परदेशी पाहुण्यांना रोज हे शिकवते मी! आणि घाईत माझ्याच हातून हे घडावं?

काका जिना उतरायलाही लागले होते. "चला बाई. बस जाईल."

"खड्ड्यात गेली बस!"

त्यांच्या हातातल्या कागदातून एक गुलाब उपसला. काटा बोटात घुसला. दारावर थापा मारत मी ओरडले, "ऐका हो! सातच आणले होते त्यांनी! तुमच्या आईनं लावलेल्या झाडाचे! मी मूर्ख, मी फेकला एक!"

खिशात फोन वाजायला लागला, ड्रायव्हरच असणार. वाजू दे म्हटलं. काका पायरीवर पाठ करून उभे होते, खांदे पडलेले. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

कडी वाजली. द्राहोमीरानं पुन्हा मोजलं, या खेपेला ओठ हलवत. पाच. मग तिची नजर भावाच्या धुळीनं भरलेल्या पायांवर गेली.

"बूट काढ," ती म्हणाली. "आत्ताच पुसलीय फरशी."

काका झटकन वळले, वर आले, वाकले. नाडीची गाठ ओढून ओढून पाहिली, ती काही सुटेना. ती बघत राहिली. मग गुडघा धरून, कण्हत कण्हत खाली बसली आणि त्यांचा पाय स्वतःकडे ओढला.

"अजून गाठच मारतोस का रे, बावळटा?"