निर्जंतुक पऱ्या

गावठाण आणि बौद्धवाडी यांच्यामधून वाहणारा ओढा, म्हणजे पऱ्या, देहाने लहान असला, तरी आषाढात त्याचा अहंकार थोर असे. रस्त्याखालच्या मोरीतील सिमेंटचे नळ दगडगोट्यांनी तुंबलेले. पाणी रस्त्यावरून वाही आणि बौद्धवाडी पलीकडे अडकून पडे. तिथल्या कमलाबाईंची सून करुणा गर्भवती होती आणि तिचे दिवस ऐन आषाढात भरणार होते. म्हणून ऐसपैस नवी मोरी मंजूर झाल्याची वार्ता येताच कमलाबाईंनी सरपंच अनिलरावांना मनोमन आशीर्वाद दिला. तो जरा घाईने दिला गेला.

मोरी उखडण्यापूर्वी पऱ्याचे पाणी तपासावे, असा नियम होता. त्यात कोणते जीव नांदतात आणि कामाने त्यांना कितपत बाधा होईल, हे आधी जाणावे, असा त्याचा सुज्ञ हेतू. सरपंचांच्या कानी मात्र ‘पाण्याची तपासणी’ एवढेच शब्द पडले. गतवर्षी विहिरीचे पाणी अशुद्ध निघून ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळाले होते. ते लांच्छन त्यांच्या अंतःकरणात ताजे होते.

“सदू,” त्यांनी शिपायाला आज्ञा केली, “टीसीएल पावडर घे नि पऱ्यात ओत.”

“पऱ्यात? ती जंतू मारायला विहिरीत टाकतात ना?”

“पाणी ते पाणी! हात आखडू नको. यंदा हिरवं कार्ड घेतल्याबिगर सोडायचं नाय.”

सदूने आज्ञापालनात कसूर केली नाही.

सकाळी रत्नागिरीहून तपासणीस तेजस्वी मॅडम आल्या. सरपंचांनी शहाळे पुढे केले. डोहात मासोळ्या पांढरी पोटे वर करून तरंगत होत्या; झिंगे आणि कुर्ल्याही त्याच गतीला गेल्या होत्या.

“मॅडम, औषधाला जंतू सापडणार नाही,” सरपंच म्हणाले.

“जंतूच काय, इथे काहीच जिवंत नाही. वर कारखाना आहे का?”

“छे! वर आंब्याच्या बागा नि देवराई.”

“मग हे विष आलं कुठून?”

सरपंचांनी शहाळे पुन्हा पुढे केले. विषाचे मूळ सापडेपर्यंत पऱ्यात काम करू नये, असा निर्णय झाला. मूळ शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद एकमताने सरपंचांकडेच आले. समितीने बागांतून संचार केला, सावलीत भोजन केले आणि कलमांवर मारलेल्या फवाऱ्याविषयी गंभीर संशय व्यक्त केला.

वैशाख लागला. सदूकडून खरे कळताच कमलाबाई सरपंचांच्या दारी उभ्या राहिल्या.

“अनिलराव, बोला की मॅडमना. पावडर तुमची.”

“बोलेन हो. पण समितीचा अध्यक्षच दोषी निघाला, तर गावाची शोभा होईल.”

“मंग करुणाचं काय?”

“तिला पावसाआधी अलीकडे कुणाकडे तरी आणून ठेवा.”

“बरी आठवण केलीत.”

दुसऱ्या दिवशी करुणा पिशवी घेऊन सरपंचांच्या पडवीत येऊन बसली. “जयंतीच्या भाषणात म्हणालात, माझं घर ते तुमचंच,” कमलाबाई म्हणाल्या. “म्हटलं, आपल्याच घरी आणावी.”

सरपंचांची पत्नी नम्रता बाहेर आली. “ये गो, आत ये. पडवीत का बसलीस?” आणि तिने करुणाला थेट माजघरात नेले. त्या माजघरात बौद्धवाडीचे पाऊल आजवर पडले नव्हते. समतेवरील भाषणे मात्र तिथेच बसून रचली जात.

“अगो, हिला पाणी कुठल्या भांड्यातून देणार?” सरपंच कुजबुजले.

“तुम्ही पिता त्यातून,” नम्रता मोठ्याने म्हणाली. “का, त्यातही पावडर टाकू?”

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी खुदकन हसले. सरपंचांच्या ठायी सत्यनिष्ठा तत्काळ जागृत झाली. दुपारच्याच गाडीने ते रत्नागिरीस गेले आणि तेजस्वी मॅडमपुढे आपला पराक्रम त्यांनी स्वमुखाने निवेदन केला. मॅडमनी वरच्या डोहातून नवा नमुना घेतला, चार खरमरीत शब्द सुनावले आणि कामाला संमती दिली.

खोदाई सुरू झाल्याचे ऐकून करुणा पिशवी आवरू लागली. नम्रताने तिचा हात धरला.

“मोरी बांधून होईस्तोवर हलू नको. तू उठलीस, की हे पुन्हा अध्यक्ष होतील.”