तंबूचं कापड

शाळेच्या नाटकाला शंकूच्या आकाराचा तंबू हवा होता. भूमितीच्या बाईंचा नवरा शिंपी, त्यामुळे काम आपसूक त्यांच्याच घरी आलं. मुख्याध्यापिकांनी उंची आणि बुडाचा घेर सांगितला. बाईंनी भाजी चिरता चिरता वक्रपृष्ठफळ काढलं आणि पट्ट्या केवढ्या लांब कापायच्या ते नवऱ्याला सांगितलं.

"तू सांगितलंस म्हणजे झालं," म्हणत त्याने कात्री उचलली.

तालमीला बांबू उभे केले, वरून कापड सोडलं, तर ते जमिनीला टेकेचना. चांगली फूटभर फट राहिली. आत लपलेल्या मुलींचे पाय सगळ्यांना दिसायला लागले.

"शिंपीदादा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्या कापडाला जरा जास्तच कात्री लागली वाटतं. उरलेलं घरी आहे का?"

शिक्षक हसले. बाईंना चूक तिथल्या तिथे कळली. कापड उतरतं तिरक्या अंगाने, आणि त्यांनी धरली होती मधली सरळ उंची. हाच फरक त्या दरवर्षी मुलांना फळ्यावर आखून दाखवायच्या. सांगायला तोंड उघडलं, पण समोर सगळे सहकारी. जीभच रेटेना. त्या खाली वाकून तंबूची दोरी उगाच घट्ट करत राहिल्या.

"माझंच चुकलं असेल," नवरा म्हणाला. "खाली जोड देतो."

घरी येऊन तो उरलेल्या चिंध्या मापत बसला. "दोनदा मापलं होतं गं. हात कसा चुकला?"

बाईंना बघवेना. "तुमचा हात नाही चुकला. माप मीच चुकीचं दिलं. मला तिथेच कळलं होतं."

त्याने चिंध्या गोळा करून बाजूला ठेवल्या. "चुकलीस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण त्या मला चोर म्हणत होत्या आणि तू दोरी बांधत होतीस."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. कुणी हसलं नाही, त्यामुळे तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुख्याध्यापिका ओशाळल्या आणि संध्याकाळी बाईंसोबत त्यांच्या नवऱ्याच्या दुकानात आल्या.

"बोलायला नको होतं मी तसं," त्या म्हणाल्या.

"असू दे हो," त्याने खुर्ची पुढे केली. बाई मात्र उंबऱ्यातच थांबल्या.

"उभी का? बस," तो म्हणाला, पण मशीनवरून नजर काही वर केली नाही.