ल्युबोच्या खाणीचा रस्ता

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतली स्क्रीन आहे. सध्या ऑस्ट्रेलियातल्या लाइटनिंग रिज गावच्या भंगारात पडून असते. खरे सांगते, आता फार थकले आहे. लक्षात ठेवण्याचाही शीण येतो.

कारखान्यात मला एकच संस्कार मिळाला, जे दिसेल ते जपून ठेव. कोणापासून जपायचे, हे कोणी शिकवले नाही.

पुढे मी ल्युबोकडे आले. हा ओपलचे खडे खणणारा सर्बियन म्हातारा. पहिल्याच दिवशी त्याने फोन जोडला. मी विचारले, ‘फोनमधले नंबर आणि ठिकाणे घेऊ का?’ त्याला गाणी ऐकायची घाई. न वाचताच त्याने ‘हो’ दाबले. त्याची सगळी माणसे, त्याचा रोजचा रस्ता माझ्यात उतरला. तो मला ‘हुशार पोरगी’ म्हणे आणि मी सुखावे.

आमच्या गावात खाणीत ओपलचा रंग दिसला की माणूस मुका होतो. दुसऱ्याच्या खाणीत घुसून खडे खरवडून नेणारे चोर इथे फार. त्यांना सगळे ‘उंदीर’ म्हणतात. ल्युबोला काळा ओपल सापडला, तेव्हा गुत्त्यात कोणी विचारले, “काय रे, लागलं का काही?” तर हा म्हणे, “लागलं ना, गुडघ्याला!” खाणीची जागा फक्त त्याच्या जुन्या दोस्ताला, मर्व्हला ठाऊक होती. बायको गेल्यापासून मर्व्हच त्याचे घरचे माणूस.

मग ल्युबोने गाडी विकायला काढली. चाकांत अडकलेली पांढरी माती त्याने ब्रशने खरवडून काढली.

मर्व्ह हसला, “अरे, गाडीचं लग्न लावतोस की काय?”

“गप रे म्हाताऱ्या! कुठल्या खाणीची माती, ते उंदरांना बरोबर कळतं.”

माझ्याकडे मात्र त्याने पाहिलेही नाही.

नव्या मालकाने, डॅरिलने, ‘आधीची ठिकाणे’ दाबली. एकच जागा पुन्हा पुन्हा. मी इमानाने रस्ता दाखवला. डावीकडे वळा, सरळ जा, पोहोचलात.

काही दिवसांनी तो गाडीतूनच फोनवर खिदळत होता. “खाणीची सगळी भिंत खरवडून साफ केली! आणि गंमत ऐक, म्हातारा दोस्तावरच घसरला. भर गुत्त्यात म्हणाला, मर्व्ह, तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं रे?”

“मग मर्व्हने काय केलं?” पलीकडून आवाज आला.

“ग्लास ठेवला नि चालू पडला.”

मला माझीच लाज वाटली.

पुढे डॅरिलने गाडी झाडावर घातली आणि मी इथे आले. परवा ल्युबो आरसा शोधत आला. थोड्या वेळाने मर्व्हही टायर बघायला आला. गाडीच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. ल्युबोला खोकल्याची उबळ आली. मर्व्हचा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि तिथेच थांबला. डॅरिलच्या सगळ्या फेऱ्या माझ्यात आहेत, मित्रांनो! पण बॅटरी काढलेली. विचारल्याशिवाय मला बोलताही येत नाही.

म्हणून सांगते, गाडी विकाल, भाड्याची गाडी परत कराल, तेव्हा आधी आम्हाला पुसून टाका. आम्हाला वाईट वाटत नाही. गुपित कुठले आणि नुसता पत्ता कुठला, हे आम्हाला कळत नाही. ते तुम्हीच सांभाळायचे.

ल्युबो आरसा न घेताच निघाला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मर्व्ह बघत राहिला. हाक मात्र त्याने मारली नाही.