दाजींची तक्रार

माझ्या दाजींनी मला चोर म्हटलं, तेही माझ्याच टेम्पोसमोर उभं राहून. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. मी हसून घालवलं, पण रात्री जेवण गेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. म्हाताऱ्यांच्या डोक्याचे डॉक्टर. डोकं कापणारे नव्हे. विसरणं, भास होणं, उगाच रडू येणं, त्यातले. मेडिकल कॉलेजात मोठे प्रोफेसर. मी पाचवीत शाळेला रामराम ठोकलेला. बहीण मधे नसती तर आम्ही एकमेकांना हॉर्नसुद्धा वाजवला नसता.

ते या कामात शिरले तेव्हा लोक हसायचे. म्हातारा विसरणारच, त्यात शिकायचं काय? कॉलेजनं धोबीखान्याशेजारची अडगळीची खोली दिली. तिथं यांनी वॉर्ड मांडला. आधी कानातला मळ बघा, मग चष्मा पुसा, मग डोक्याकडे वळा, हा त्यांचा नियम. म्हणायचे, "अर्धे वेडे नुसते बहिरे असतात." पेशंटला कोरा कागद देऊन घड्याळ काढायला सांगायचे. कुणी सगळे आकडे एका बाजूला कोंबायचा, कुणी काटेच विसरायचा. तसली घड्याळं त्यांनी जन्मभर जपली. पुढं त्याच खोलीतून पुस्तकं निघाली, देशोदेशी भाषणं झाली, त्यांनी बसवलेली परीक्षा सगळीकडे वापरात आली.

आणि एक धडा त्यांनी सगळ्यांना घोटून घोटून शिकवला. म्हातारा माणूस 'माझं चोरलं' म्हणायला लागला की सावध व्हा, बऱ्याचदा आजाराची ती पहिली पायरी. वाद घालू नका. आवाज मऊ करा आणि म्हणा, "चला, आपण मिळून शोधू."

आता कॉलेजला दाजींचे सगळे कागद हवे होते, जपून ठेवायला, पुढच्या पोरांना अभ्यासायला. खोकी न्यायचं काम माझ्याकडे. मी दोरी घेऊन हजर, तर दाजी दारात आडवे.

"कागद कमी झालेत."

"कुठले?"

"हिरव्या फितीतले."

"काय होतं त्यात?"

"खासगी होतं. तुला कशाला पंचाईत?"

त्यांची मुलगी, माझी भाची, मागेच उभी होती. ती लगेच मऊ आवाजात म्हणाली, "हो बाबा. चला, आपण मिळून शोधू."

दाजी असे भडकले की बास. "माझंच वाक्य माझ्यावर वापरतेस? तो सूर मी शिकवलाय! मला कळतो तो!"

स्वयंपाकघरात नेऊन भाचीनं मला हळूच सांगितलं, "मामा, सुरुवात झाली बघ."

मला काही पटेना. माझा संशय पट्टशिष्यावर होता. पट्टशिष्य म्हणजे दाजींचा लाडका विद्यार्थी, आता त्यांच्याच खुर्चीत बसलेला. कागद लावायला मदत करतो म्हणून रोज यायचा, आणि जाताना त्याची बॅग आली त्यापेक्षा फुगलेली दिसायची. एकदा तो हात धुवायला गेला आणि मी सरळ चेन उघडली. आत छत्री, बिस्किटांचा पुडा आणि दाजींचंच एक जाड पुस्तक, पानोपानी चिठ्ठ्या खोचलेलं. नेमका तो परत आला.

"मामा, काही हवंय का?"

"बिस्कीट," मी म्हटलं. दिलं बिचाऱ्यानं. चोराकडून बिस्कीट खाल्लं की काय, हे मला ते संपेपर्यंत कळेना.

मग दुसऱ्या दिवशी दाजींनी मला टेम्पोपाशीच धरलं. "खोकी तूच हलवतोस. तूच नेलेस."

"दाजी, मला लग्नाची पत्रिका वाचायचा कंटाळा येतो. तुमच्या फायली नेऊन मी काय करू?"

"रद्दीत घालशील."

पट्टशिष्य मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, मामा. या आजारात आळ जवळच्याच माणसावर येतो. सरांच्या तिसऱ्या पुस्तकात आहे." झालं. त्या क्षणापासून मलाही वाटायला लागलं की दाजी गेले हातचे.

तिघांचं ठरलं. पट्टशिष्य दाजींची तपासणी करणार. त्यात काही निघालं तर घराला कुलूप, दाजी लेकीच्या फ्लॅटवर, आणि कागदांवर सही लेकीची. जन्मभर स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारा माणूस. त्या किल्लीचाच निकाल लागायचा होता.

तपासणीच्या सकाळी मी भिंतीला टेकून उभा.

"सर, पाच शब्द सांगतो, लक्षात ठेवा—"

"तू कशाला सांगतोस? चमचा, नदी, शिंपी, पिवळा, जिना. मीच निवडलेत. घड्याळ काढू? अकरा वाजून दहा मिनिटांचं ना?" तो बोलायच्या आत काढून मोकळे.

पट्टशिष्यानं कपाळ पुसलं. मी म्हटलं, "अहो, दुसरे शब्द घ्या की!"

"नाही चालत, मामा. शब्द बदलले की परीक्षा खोटी ठरते, असं सरांनीच लिहिलंय."

म्हणजे बघा. ज्यानं कुलूप घडवलं त्याला विचारायचं, उघडता येतं का. एवढी शिकलेली माणसं, पण गुरूच्या शब्दापुढं जाईनात. पट्टशिष्य आणि भाची, दोघंही घामाघूम. पट्टशिष्य म्हणाला, थोडं थांबून पुन्हा बसू. मला बघवेना, मी बाहेर आलो.

फाटकाशी भाचीच्या गाडीचं मागचं चाक बसलेलं. गाडीची किल्ली आत टेबलावरच होती, ती उचलून आणली. म्हटलं, पोरगी आधीच काळजीत आहे, न विचारता बदलून टाकू. स्टेपनीसाठी डिकी उघडली, वरची चादर बाजूला केली. खाली हिरव्या फिती.

चाक तसंच राहिलं.

वरच्या फायलीत दाजींचं अक्षर होतं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. 'आज तिनं विचारलं, डॉक्टर, तुमची बायको कुठे असते? मी म्हटलं, घरी. ती म्हणाली, मग इथं काय करता, जा की घरी.'

माझी ताई. शेवटची वर्षं तिचंही डोकं असंच रितं होत गेलं होतं. दाजींनी तिचा दिवस न् दिवस लिहून ठेवला होता, वॉर्डातल्या पेशंटसारखा.

भाचीला बाहेर बोलावलं. तिनं उघडी डिकी बघितली आणि फाटक धरलं.

"तू?"

"आई त्या खोक्यात जाणार नाही, मामा. उद्या कुणीही पोरगं उघडून वाचणार. तिचे कपडे ओले झाले तेसुद्धा लिहिलंय त्यांनी."

"आणि बापाला वेडा ठरू देतेस?"

"एवढ्या ढिगातून त्यांच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. आलं तरी दोन दिवसांत विसरतील..."

"म्हणजे त्यांनी विसरावं अशीच तुझी इच्छा होती."

तिला रडू फुटलं. मला राग यावा की कीव, समजेना. बहीण माझी, तिची लाज माझीही होती. आणि आत बसलेला माणूस खरं बोलत होता.

मी फायली उचलल्या, आत गेलो, टेबलावर आपटल्या. "दाजी बरोबर होते. मीच नेले. लिहा, मेहुणा चोर."

पट्टशिष्याचा पेन हवेतच. दाजींनी फीत चाचपली, गाठ बघितली. मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"ही गाठ तुझी नाही. तू दोर बांधतोस, बैल बांधल्यासारखा."

"मामा, गप्प बस," दारातून भाची म्हणाली. "बाबा, मी नेले."

दाजी ओरडतील म्हणून मी खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. ते ओरडले नाहीत. पट्टशिष्याकडे वळून म्हणाले, "काय रे, तुझं मत?"

"सर, तुम्ही अगदी ठणठणीत आहात."

"कशावरून? चोर सापडला म्हणून?"

तो खाली बघायला लागला.

"आणि सापडला नसता तर?"

दाजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "वॉर्डात किती जणांनी मला सांगितलं, चोरलं म्हणून. मी आवाज मऊ केला. घरी जाऊन बघितलं कुणाच्या? कुणाच्याच नाही."

मग त्यांनी ताईच्या फायली लेकीकडे सरकवल्या. "या तुझ्याकडे. पण डिकीत नको. आणि नुसते ओले कपडे वाचू नकोस, पुढंही वाच."

बाकीच्या कागदांवर सही त्यांनी स्वतः केली. सहीच्या खाली कॉलेजसाठी एक ओळ वाढवली. पट्टशिष्यानं ती मोठ्यानं वाचली: 'चोरीची तक्रार करणाऱ्याचं घर आधी तपासावं. मी तपासलं नाही.'

"सर, हे ठेवायचं?"

"सगळ्यात वरच्या खोक्यात," दाजी म्हणाले, आणि घराची किल्ली खिशात टाकून, खोकी टेम्पोत चढवायला मला मदत करायला उठले.