तीन खणांच्या ट्रेचा भोकरचा प्रवास

मित्रांनो, माझ्या अंगाला ऑइलचा वास येतो म्हणून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना लाकडी ट्रे आहे, तीन खणांचा. नांदेडला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं एक छोटं दुकान आहे, तिथल्या काउंटरवर माझी जागा. सध्या मी फार खुशीत आहे. का, ते सांगतो.

मी किनवटच्या रानातला साग. झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. पण माझ्या पायाशी सीताफळांची झुडपं होती आणि दिवाळीच्या आसपास त्यांचा गोड वास वर फांद्यांपर्यंत यायचा, एवढं पक्कं आठवतं. पुढे माझ्यापासून कुणाच्या तरी दाराची चौकट झाली आणि उरलेल्या तुकड्यांतून सुताराने मला जोडलं. मला करून घेतलं ज्ञानोबाकाकांनी. आंबेडकर जयंतीच्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, तेव्हा दुकानात चार कपाटं, एक स्टूल आणि मी, एवढाच संसार होता.

काकांची विकायची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की त्याने आणलेला जुना, झिजलेला पार्ट ते माझ्या पहिल्या खणात ठेवत. शेजारच्या खणात कंपनीचा नवा आणि तिसऱ्यात स्वस्तातला.

"हे बघा मालक," काका म्हणत, "हा आठशेचा. दोन वर्षं तरी बघायचं काम न्हाई. आन् हा चारशेचा. सहा महिने चालंल, पुढं मला इचारू नका. हातात घ्या, जुन्याला लावून बघा."

"काका, कायतरी कमी करा की!"

"कमी करायचं असतं तर आधी जास्त नसतं का सांगितलं?"

गिऱ्हाईक हसायचं. कुणी आठशेचा घ्यायचं, कुणी चारशेचा. पण बघून घ्यायचं, समजून घ्यायचं. मिस्त्री लोक म्हणत, "ज्ञानोबाकाकाच्या ट्रेमधून गेलेला माल परत येत न्हाई." ते ऐकून माझ्या फळ्या फुगायच्या. पावसाळ्यात तर खरंच फुगायच्या!

मग काकांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांची लेक ज्योत्स्नाताई दुकान बघू लागली. ताई हुशार. तिने कॉम्प्युटर आणला. पण समोरच काचेच्या दारांचं, एसीचं नवं दुकान झालं होतं, दारावर 'भरघोस सूट' असं लिहिलेलं. आधी भाव चढवायचा आणि मग सूट द्यायची, असं मिस्त्री हसून सांगत, तरी माणसं थंड हवेला जातच. मग ताईही घाई करायला शिकली. बंद खोकं, मशीनचा 'टुक' आवाज, बिल, पुढचे या! खोकी उघडून ट्रेमध्ये मांडायला वेळ कुणाला? मी काउंटरच्या खाली गेलो. तिथे धूळ होती, झुरळं होती आणि एक बुद्धप्रिया होती.

बुद्धप्रिया म्हणजे ताईची दोन वर्षांची लेक. तिने मला दोरी बांधली आणि मी बस झालो. माझ्या खणांत नट, वायसर, अर्धं बिस्कीट असे प्रवासी बसायचे. दर दोन मिनिटांनी ती त्यांना उतरवायची, दुसरीकडे बसवायची आणि "घुऽऽर्र" करत मला ओढायची. तिच्या हाताला बिस्किटाची ओल असायची. खरं सांगू? मला ते आवडायचं.

आता त्या दिवसाची गोष्ट ऐका.

दिवाळी तोंडावर होती आणि काउंटरवर खोक्यांचा ढीग होता. देगलूरचा बसवंत टेम्पोवाला आला. त्याने चाकाचं जुनं बेअरिंग दिलं आणि "जेवून येतो ताई" म्हणून गेला. ताईने ते खाली माझ्या तिसऱ्या खणात ठेवलं. पाठोपाठ भागवत आला, घामाघूम.

"ताई, लवकर बघा बरं! जीप भोकरला पडून हाय. बालाजी मिस्त्रीनं चाक खोलून ठिवलंय. उद्या सकाळी सहाला किनवटच्या वसतिगृहाच्या पोरी आणायच्यात इथं. खो-खोची फायनल हाय त्यांची! सर म्हणले, जीप आली न्हाई तर टीम बाद. दिवाळीच्या गर्दीत दुसरी गाडी मिळंना."

"दादा, तोवर चहा घेऊन या. काढून ठेवते," ताई म्हणाली आणि त्याचं बेअरिंग तिने माझ्या पहिल्या खणात ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

मित्रांनो, बेअरिंग म्हणजे पोलादी कडं, आत गोळ्या असलेलं. ही दोन्ही जुळी भावंडं दिसत होती, मधल्या भोकात नखाएवढा फरक. नंबर झिजून गेलेले. ताई फोनवर बोलत होती आणि खाली बुद्धप्रियाने बस थांबवली. पहिल्या खणातला प्रवासी तिसऱ्यात बसवला, तिसऱ्यातला पहिल्यात. "घुऽऽर्र!"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

ताईने पहिल्या खणातलं कडं उचललं, मापलं, त्या मापाचं खोकं काढलं. टुक. बिल. चहा पिऊन आलेल्या भागवतने पैसे दिले. बिलासाठी मोबाईल नंबर मागितला तर "नंबर कशाला ताई, बस सुटंल!" म्हणत, जुनं बेअरिंग तिथेच टाकून तो पळालासुद्धा.

तासाभराने बसवंत आला. ताईने तिसऱ्या खणातलं कडं काढलं, त्याने ते हातात घेऊन फिरवलं. "ताई, हे माझं न्हाई. माझ्याला मिस्त्रीनं लाल ठिपका दिला होता."

ताईने दुसरं उचललं. लाल ठिपका! तिचा चेहरा पांढरा पडला. तिने खाली वाकून माझ्याकडे आणि माझी दोरी धरून बसलेल्या लेकीकडे पाहिलं. सगळं कळलं.

बालाजी मिस्त्री दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून तिने त्याला फोन लावला. एकदा, दोनदा, पाचदा. रिंग वाजत राहिली.

"जाऊ द्या हो," बसवंत म्हणाला. "चूक कळली की येईल उद्या बोंबलत. तवा द्या बदलून."

"उद्या येऊन काय करू त्याला, भाऊ? पोरींनी वर्षभर पळून फायनल गाठली असेल. माझ्या खोक्यामुळं बाद व्हायच्या?"

तिने बसवंतला त्याच्या मापाचं नवं बेअरिंग दिलं, काकांना दुकानात बसवलं, भागवतचं जुनं कडं आणि योग्य मापाचं नवं पिशवीत टाकलं, लेक कडेवर घेतली. लेक माझी दोरी सोडेना. "माझी बश! माझी बश!" मग काय, मीही पिशवीत!

आणि असा मी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, एसटीत बसलो. खिडकीतून वारा आला. कापूस फुटलेली पांढरी शेतं पळत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, लाकडाचं सामान? तिकीट लागतंय त्याचं!" ताई घाबरली. "लेकराचं खेळणं हाय," ती म्हणाली. त्याने मला हुंगलं. "हे कसलं खेळणं, याला तर आमच्या डेपोचा वास येऊन राहिला!" सगळी बस हसली. ताई मात्र सारखी घड्याळ बघत होती.

भोकरला पोचलो तेव्हा बालाजी मिस्त्री हातोडी घेऊन बेअरिंग ठोकत होता. जीप तीन चाकांवर उभी. भागवत डोकं धरून बसलेला. ताईला बघताच तो उठला.

"या, या! लई भारी दुकान तुमचं! समोरच्याकडं गेलो असतो तर निदान थंड हवा तरी खाल्ली असती."

 ताईने मला पदराने पुसलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवलं. पहिल्या खणात जुनं बेअरिंग, दुसऱ्यात नवं.

"दादा, चूक माझी हाय. तुमचं जुनं तुमच्यासमोर लावून दाखवायला पाहिजे होतं. आता हातात घ्या, बघा. आणि हे तीनशे चाळीस रुपये परत. तुमचं माप स्वस्तातलं होतं, मी महागातलं दिलं."

"आन् ह्याचं काय?" बालाजीने ठोकून चेपलेलं कडं वर धरलं. "हे आता कुणी घेणार न्हाई."

"ते माझ्या घरी. बुद्धप्रियाच्या बसला चाक होईल."

भागवतने दोन्ही कडी एकमेकांवर ठेवली, भोकात बोट फिरवलं. बरोबर. तो हळूच म्हणाला, "ताई, तीनशे चाळीससाठी कुणी भोकरला येतं व्हय?"

"तीनशे चाळीससाठी न्हाई. पोरींसाठी."

दिवे लागायच्या आत चाक बसलं. बालाजीने ते हाताने फिरवलं आणि कान लावला. कुरकुर नाही, खरखर नाही. "हाव! आता पोचतंय किनवट!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला दुकानासमोरून एक जीप भोंगा वाजवत गेली. खिडक्यांतून इतके हात बाहेर होते, की मला मोजताच आले नाहीत. बुद्धप्रिया दारात उभी राहून ओरडली, "बश! बश!"

संध्याकाळी तीच जीप थांबली आणि बारा पोरी दुकानात घुसल्या. गुडघे मातीने माखलेले, आवाज बसलेले. फायनलमध्ये दुसरा नंबर आला होता, पण गोंधळ असा की जणू जगात पहिल्या.

"एका गुणानं गेलं ताई, फकस्त एका! पुढच्या वर्षी बघा!"

"तो ट्रे कुठला?" एकीने विचारलं. "भागवतमामा रस्ताभर त्याचंच सांगून राहिले."

ताईने बोट दाखवलं. मी काउंटरवर होतो, माझ्या जुन्या जागी, कारण कालपासून काकांची पद्धत पुन्हा सुरू झाली होती. कॉम्प्युटर आहे, टुक आवाज आहे, पण आधी ट्रे, मग बिल. पोरींनी पिशवी सोडली आणि माझे तिन्ही खण सीताफळांनी भरून टाकले. किनवटची, रानातली, डोळे उघडलेली सीताफळं! मित्रांनो, माझ्या पायाशी वाढलेल्या झुडपांची ती नातवंडं असतील. मी रानातून निघालो तेव्हापासून तो वास मला भेटला नव्हता.

आता माझं एवढंच मागणं आहे. दुकानात गेलात की भाव विचारायला लाजू नका, आणि जुनं नव्याशेजारी ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानात बसाल तेव्हा बघू द्या, आणि चुकलात तर चूक घेऊन स्वतः गिऱ्हाइकाच्या दारी जा. घरात माझ्यासारखं जुनं काही कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला एकदा पुसा.

आणि कधी नांदेडला आलात, तर माझा पहिला खण जरूर हुंगून बघा. ऑइलच्या खाली अजून सीताफळ आहे.