श्रीधररावांचं पन्हं

बिबवेवाडीतल्या श्रीधररावांना दोन गोष्टींचा भारी अभिमान: स्वतःच्या हातचं पन्हं आणि खडकवासल्याचं पाणी. गरोदर सुनेला, सुरुचीला, डॉक्टरांनी बजावलं होतं की या दिवसांत दूषित पाण्यातून कावीळ झाली तर आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं, पाणी उकळूनच प्या. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई सुनेसाठी इमानेइतबारे पाणी उकळत. श्रीधरराव मात्र तोऱ्यात म्हणत, "खडकवासल्याच्या पाण्यात खोट काढणारा डॉक्टर पुण्याचा नसणार."

आज सुरुचीचं डोहाळजेवण. तिला पन्ह्याचे डोहाळे लागलेले, म्हणून सासरेबुवांनी सकाळपासून स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. उकडलेल्या कैऱ्या, गूळ, वेलची, केशर, आणि पातेलंभर पाणी थेट नळाचं! उकळण्याचा नियम पन्ह्यालाही लागू होतो, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. फुलांनी मढलेली सुरुची झोपाळ्यावर, भोवती बायकांची गाणी आणि खिदळणं, आणि श्रीधरराव भलतेच खुशीत.

इतक्यात प्लंबर संपतनं त्यांना खाली बोलावलं, कारण सोसायटीचे अध्यक्ष तेच. पार्किंगमध्ये वास येत होता म्हणून फरशी उचकटली होती. खाली मैल्याचा पाइप फुटलेला आणि काळं पाणी शेजारच्या टाकीत झिरपत होतं. तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं, तिथून नळाला यायचं, आणि आज नळातून पन्ह्यात गेलं होतं. धरण बिचारं निर्दोष होतं, घाण आपल्याच दारात मिसळत होती.

पंप बंद करायला सांगून ते जिन्यानं पळत सुटले. एक चप्पल दुसऱ्या मजल्यावरच राहिली. घरात शिरताच त्यांनी शेजारच्या तनुजाच्या हातातला ट्रे हिसकावून मोरीत उपडा केला. बायकांना वाटलं, हा डोहाळजेवणातला नवाच खेळ. त्या हसत हसत पेले पाठीमागे लपवू लागल्या, एकीनं तर गाणंही धरलं, आणि अध्यक्षसाहेब झोपाळ्याभोवती गरगर फिरत एकेक पेला ओढून घेऊ लागले.

"त्यात गटाराचं पाणी आहे," ते धापा टाकत म्हणाले.

सुरुचीच्या हातातही पेला होता.

"तू प्यायलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. उखाणा घेतल्याशिवाय पेला तोंडाला लावू देईनात, आणि मला ह्यांच्या 'गंधार' नावाला जुळणारं काही सुचेचना."

पहिला घोट तिचा, म्हणून बाकीच्याही पेले धरून ताटकळल्या होत्या. श्रीधरराव मटकन झोपाळ्यावर बसले. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. आपण स्वतः गेले काही दिवस काय पीत होतो, ते आठवायची त्यांची छाती झाली नाही.

मग समोरच्या इमारतीतून कळशी आली. त्यांनी स्वतः गॅस पेटवला आणि पातेल्यावर पहारा देत उभे राहिले. बाहेर बायकांनी पुन्हा उखाण्याचा धोशा लावला, तेव्हा त्यांनी आतूनच सांगितलं, "सावकाश जुळव गं बाळा. हे आधी खळखळून उकळायचंय, मग निवायचंय."