कपाटातलं अस्वल

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक अस्वल राहत होतं. माझ्या नवऱ्याने, ऑरिनने, त्याला एका वाक्यात जन्माला घातलं आणि लगेच विसरूनही गेला. त्याची सगळी कामं अशीच.

झालं असं, की आमची मुलगी जोएल दोन्ही पोरांना आमच्याकडे सोडून मिझुला शहराला निघाली होती. तिथल्या इस्पितळात तिला नव्या कामाचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि जावई तिकडे उत्तरेत तेलाच्या विहिरींवर. ओपल सहा वर्षांची, सायलस चार. जोएल गाडी चालूच ठेवून दारात उभी राहिली. बुटांवरचा बर्फही तिने झटकला नाही.

"बाबा, बंदुका कुलपात आहेत ना?"

"तळघरात, तिजोरीत. तू शाळेत होतीस तेव्हापासून तिथेच आहेत. आता दुधात साखर किती घालायची तेही सांगून जा म्हणजे झालं."

"सगळ्या?"

"अगं, सगळ्या म्हणजे सगळ्या. नीघ आता, घाटात बर्फ साचायच्या आत पोच."

शिकारीच्या बंदुका तिजोरीतच होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, लोकरीच्या टोप्यांच्या मागे एक भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं. ऑरिनच्या लेखी ती बंदूक नव्हतीच. दाराला कडी असते तशी ती घरातली एक वस्तू. आमचं घर खिंडीच्या पलीकडे, एकटं. एकदा ऑरिन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना दोन दारुडे मागचं दार बडवत उभे राहिले होते, आणि शेरीफचा पोलीस येईपर्यंत चुलीवरची कॉफी आटून भांडं करपलं होतं. तेव्हापासून हाताशी एखादं असावं हे मलाही पटलेलं. कुलपातलं काय कामाचं, असं ऑरिन म्हणे आणि मी गप्प बसे. जोएल दारात उभी राहून विचारत होती तेव्हाही मी गप्पच होते.

त्याच दुपारी ओपलने कपाटासमोर मान वर करून विचारलं, "आजोबा, तिथे वर काय आहे?"

"अस्वल," ऑरिन म्हणाला. वर्तमानपत्रातून त्याने डोकंही वर काढलं नाही. "हिवाळ्याचं झोपलंय. उठवलंस तर चवताळेल. तिकडे फिरकायचं नाही."

पोर घाबरेल असा त्याचा हिशोब. अहो, अस्वलाला शहरातली पोरं घाबरतात. आमच्या मोंटानात अस्वल म्हणजे कचऱ्याचा डबा उलटा करून जाणारा उनाड शेजारी. त्यात ओपल ही लंगडी मांजरं आणि पंख मोडलेली पाखरं उचलून घरी आणणारी मुलगी.

"ते उपाशीच झोपलंय का रे?" तिने विचारलं.

"अस्वलं पोटभर खाऊन झोपतात," ऑरिन म्हणाला, आणि त्याच्यापुरता विषय संपला.

मग बर्फ पडायला लागला तो थांबेचना. खिडक्या अर्ध्याअधिक बुजल्या. घरात येणारा उजेड निळसर झाला, आणि बाहेरचा एकूण एक आवाज कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा बंद झाला. दिवस केव्हा उगवतो, केव्हा मावळतो, कळेनासं झालं. पोरं चवड्यांवर चालायला लागली. माझ्या हातून झाकण पडलं की सायलस ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायचा.

"आजी, हळू! ते झोपलंय."

"चुकलं बाबा," मी कुजबुजायचे. हळूहळू मीही भांडी अलगद ठेवायला लागले, दारं दोन्ही हातांनी लोटायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं. आम्ही दोघं म्हातारी या घरात इतकी वर्षं नुसती राहत होतो. आता कुणीतरी मोठं, उबदार, तपकिरी असं आमच्या मध्ये निजलं होतं आणि त्याच्या श्वासाबरोबर घर वरखाली होत होतं.

दुपारी मी शेगडीजवळच्या कोचावर आडवी व्हायचे. ऑरिन गोठ्यात असायचा. अर्धवट झोपेत मला खण सरकल्याचा आवाज यायचा, मग अनवाणी पावलं, मग कुणाचं तरी अगदी बारीक आवाजातलं अंगाईगीत. स्वप्नात अस्वल कपाटात कूस बदलायचं आणि त्याच्या केसांतला बर्फ लोकरीच्या टोप्यांवर सांडायचा. माझे डोळे उघडायचे नाहीत. इतकी गोड झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

एका सकाळी आम्ही पॅनकेक खात बसलो होतो. ओपल मुरंब्याचा चमचा चाटत होती.

"आजोबा, अस्वलाचं नाक नेहमीच इतकं गार असतं?"

"कुत्र्याचं असतं. मग त्याचंही असेल," ऑरिन तोंडातला घास चावत म्हणाला.

"पण त्याला एकच नाकपुडी आहे. मी बोट घालून पाहिलं."

ऑरिनचा काटा बशीवर पडला. त्या आवाजाला या वेळी कुणी "हळू" म्हटलं नाही. गुडघ्याची पर्वा न करता तो धावला, आणि पोरांना जागेवरून हलू नका असं ओरडून मी त्याच्या मागे.

कपाटाचे खालचे खण एकाहून एक कमी असे बाहेर ओढलेले होते. छान पायऱ्या झाल्या होत्या. वरच्या टोप्या नीट बाजूला लावल्या होत्या. आणि त्यांच्यामध्ये ते रिव्हॉल्व्हर, मी ओपलच्या बाहुलीसाठी शिवलेली गुलाबी गोधडी पांघरून. भोवती बिस्किटांचा चुरा. नळी तेवढी गोधडीबाहेर होती, चढून आलेल्या पोराचं कपाळ जिथे येईल त्या बाजूला तोंड करून.

ऑरिनने गोळ्या काढल्या. एक गोळी निसटून पलंगाखाली घरंगळली. तिच्यासाठी तो माणूस पोटावर पालथा झाला. बाहेर आला तेव्हा रडत होता. मला आधी भीती वाटली, मग संताप आला, त्याचा आणि माझाही.

"उंच होतं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, इतक्या उंचावर..."

"उंच तुझ्यामाझ्यासाठी, ऑरिन. त्यांनी जिना केला."

रिव्हॉल्व्हर तिजोरीत टाकून तो बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग गावात गेला आणि लोखंडी पेटी घेऊन आला. भिंतीत बोल्ट मारून बसवायची, आकड्यांची बटणं असलेली. बरोबर आकडे दाबले की क्षणात उघडते, एरवी हातोड्यालाही दाद देत नाही. ती त्याने झोपायच्या खोलीच्या भिंतीत बसवली, रिव्हॉल्व्हर आत ठेवलं; म्हणजे हाताशीही आणि कुलपातही. असल्या पेट्या गावातल्या दुकानात किती वर्षं धूळ खात पडल्या होत्या. आकडे घरातल्या कुणाच्याही वाढदिवसाचे नाहीत, एवढंच सांगते.

मग त्या खोलीतूनच त्याने स्वतः जोएलला फोन लावला.

"मी तुझ्याशी खोटं बोललो. एक वर होतं, भरलेलं. पोरांनी हात लावला."

पलीकडचं मला इथवर ऐकू आलं, "पोरं आत्ता कुठे आहेत?"

"समोर, आमच्या पलंगावर. चित्रं काढतायत."

"घाट उघडला की मी त्यांना घेऊन जाणार, बाबा. पुन्हा केव्हा आणेन ते आत्ता विचारू नकोस."

"नाही विचारत," ऑरिन म्हणाला. त्याने वाद घातला नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात ओपलला वरची फळी रिकामी दिसली आणि तिने भोकाड पसरलं. "कुठे टाकलंस त्याला? बाहेर बर्फात?"

ऑरिन कण्हत जमिनीवर बसला. तिला जवळ ओढलं. सायलसला मी मांडीवर घेतलं.

"अस्वल नव्हतंच, बाळा. मी थाप मारली. ती बंदूक होती, खरी. तिने माणूस मरतो. परत कधी दिसली, इथे, कुणाच्याही घरी, तर हात लावायचा नाही. तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. कळलं? माझ्यावर रागव हवं तर, पण हे लक्षात ठेव."

ओपलने नाक पुसलं.

"पण आजोबा, मग मी ठेवलेली बिस्किटं रोज कोण खायचं?"

"उंदीर असतील."

सायलस माझ्या स्वेटरच्या बटणाशी खेळत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी," तो म्हणाला. "ओपल झोपली की एकटाच जायचो. अगदी हळू चढायचो. ते उठू नये म्हणून."

ऑरिन पलंगाला धरून उठला, भिंतीपाशी गेला आणि पेटीचं झाकण ओढून पाहिलं. बंद होतं. त्याने पुन्हा ओढलं. मग सायलसला कडेवर घट्ट धरून मीही गेले आणि ओढून पाहिलं.